दिवाळीनंतर तिला थेरपिस्ट नकोशी झाली: बॉर्डरलाइन आणि सायकोडायनॅमिक उपचार

इंदूरच्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी २३ वर्षांची. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा व्यक्तिमत्त्वाचा आजार, असं निदान केलं, गोळ्या चालू आहेत. हातावर इजा करून घेण्याचे प्रकार दोन-तीनदा झाले. जुलैपासून आठवड्यातून दोनदा सायकोडायनॅमिक थेरपी, म्हणजे नात्यांमधले जुने साचे बोलण्यातून समजून घेण्याचा उपचार, सुरू आहे. पहिले तीन महिने थेरपिस्ट बाई म्हणजे साक्षात देवी होत्या. दिवाळीत बाई दहा दिवस सुट्टीवर गेल्या. आता मुलगी म्हणते, "त्यांना फक्त फी हवी आहे, मी जाणार नाही." परवा तर अर्ध्यातूनच उठून घरी आली. नातेवाईक म्हणतात, जुनं उकरून उकरून पोरीला बिघडवलं, लग्न करून द्या, सगळं ताळ्यावर येईल. आईला विचारायचं आहे की थेरपी बंद करावी का, हे किती दिवस चालणार, आणि आमचं नेमकं काय चुकलं.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते तुम्हाला याच आठवड्यात ठरवायचं आहे. थेरपी बंद करू नका. निदान या कारणासाठी तरी नको. गेली बावीस वर्षं मी इंदुरात थेरपिस्ट म्हणून हेच काम करते आहे. तुम्ही लिहिलंय ते वाचून मला उपचार फसलेत असं वाटलं नाही. ज्या दुखण्यासाठी तुम्ही तिला तिथे पाठवलंत, ते दुखणं आता त्या खोलीत येऊन पोचलंय, असं वाटलं.

तुम्ही दोन गोष्टी दोन वेगळ्या वाक्यांत लिहिल्या आहेत. बाई दहा दिवस नव्हत्या, आणि मुलीचं मन उडालं. ती वाक्यं एकाखाली एक ठेवून वाचा.

दीड-दोन वर्षांचं मूल आई दिसेनाशी झाली की कासावीस होतं. हळूहळू त्याच्या मनात आई वस्तीला येते. मग आई स्वयंपाकघरात असो की बाजारात, मूल आपलं खेळत राहतं. आपणही तसेच जगतो. नवऱ्यानं फोन उचलला नाही तर कामात असेल म्हणतो आणि भाजी फोडणीला टाकतो. बॉर्डरलाइन असलेल्या माणसाच्या मनातली ही शिल्लक फार लवकर संपते. समोरचं माणूस नजरेआड झालं की त्याचा जिव्हाळाही पुसला जातो, आणि त्या जागी "मला टाकलं" एवढंच उरतं. ही वेदना खरी असते. तिला नाटक म्हणू नका, आणि घरात कुणी म्हणत असेल तर त्यालाही थांबवा.

आणि मग देवीची चेटकीण होते. माणूस एक तर संपूर्ण चांगलं किंवा संपूर्ण वाईट. बरं-वाईट एकाच ताटात वाढलेलं तिला दिसतच नाही. याला स्प्लिटिंग म्हणतात. तुमच्या घरीही हे झालं असणार. कधी आजी प्रेमळ आणि आई दुष्ट, आठवड्यानं उलट. ती जाणूनबुजून भांडणं लावत नसते. चांगलं माणूस आपल्या रागानं नासून जाईल अशी भीती असते, म्हणून मन चांगलं एका कप्प्यात आणि वाईट दुसऱ्या कप्प्यात ठेवतं. बॉर्डरलाइनच्या संदर्भात हा विचार ऑटो केर्नबर्ग यांनी मांडला. व्हिएन्नात १९२८ साली जन्मलेले, नाझींमुळे कुटुंबासह चिलीत गेलेले आणि पुढे अमेरिकेत स्थिरावलेले हे मनोविश्लेषक. १९६७ सालच्या त्यांच्या लेखानं या आजाराकडे बघण्याची पद्धतच बदलली.

'बॉर्डरलाइन' या शब्दाबद्दलही सांगते, कारण आपल्याकडे तो ऐकून लोक "म्हणजे थोडक्यात वाचली" असं समजतात. अॅडॉल्फ स्टर्न यांनी १९३८ साली हा शब्द रुग्णांच्या एका गटासाठी वापरला. साध्या मानसिक त्रासातही न बसणारे आणि वास्तवाचं भान सुटलेल्या आजारातही न बसणारे, म्हणून सीमेवरचे. नेहमीच्या मनोविश्लेषणाला हे रुग्ण दाद देत नाहीत, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. अमेरिकेच्या अधिकृत निदानसूचीत हा आजार १९८० साली आला. आता त्यात नऊ लक्षणं दिलेली आहेत, त्यातली पाच असली की निदान होतं. आजार कमी आहे की जास्त, याच्याशी त्या नावाचा काही संबंध नाही.

आता त्या खोलीत नेमकं काय चालतं ते सांगते, कारण 'उकरणं' या शब्दानं तुमच्या मनात घर केलंय. पुढची गोष्ट दोन-तीन जणींच्या अनुभवांतून जुळवली आहे आणि तपशील बदलले आहेत, पण कामाचा जीव तोच आहे.

सोमवार आणि गुरुवार, पाच ते पाच पन्नास. समोरासमोर दोन खुर्च्या. कोच नाही, डोळे मिटून पडणं नाही, आणि थेरपिस्ट मुकी बसत नाही. अशा माणसापुढे मुकं बसलं तर त्या शांततेत त्याला शत्रूच दिसायला लागतो. ही मुलगी माझ्याशी मराठीत बोलायची, मला ताई म्हणायची. एका गुरुवारी ती मैत्रिणीबद्दल सांगत होती आणि मी घड्याळाकडे पाहिलं. क्षणभरच. ती बोलता बोलता थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आपको देर हो रही है तो मैं चली जाती हूँ."

इंदुरातल्या आपल्या मुलांचं हे असंच आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी. म्हणून मी भाषेवर कान ठेवून असते. ताईची मॅडम झाली, मराठीची हिंदी झाली, म्हणजे काही सेकंदांत मी घरातून रस्त्यावर फेकली गेले होते. पर्स खांद्यावर टाकून ती उभी राहिली.

मी म्हटलं, "आत्ता काही तरी झालं. मी घड्याळ पाहिलं तेव्हा तुला काय दिसलं?"

"तुम्हाला माझा कंटाळा आलाय. बाहेर बसलेल्या पेशंटची वाट बघताय."

"घड्याळ पाहिलं हे खरं आहे. ते तुला लागलं हेही दिसतंय. कंटाळा आला होता असं मला माझ्यापुरतं वाटत नाही, पण तुला तसं का वाटलं ते समजून घ्यायचंय."

ती दारापाशी उभी होती, पण गेली नव्हती. मग मी म्हटलं, "मघाशी या खोलीत मी टाकून देणारी होते आणि तू टाकलेली. आता तू पर्स घेऊन निघालीस, तर टाकून जाणारी तू आणि मागे उरलेली मी. पाहिलंस का, जागा कशा बदलल्या?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग खुर्चीच्या कडेवर टेकली, पर्स खांद्यावर तशीच. त्या दिवशी एवढंच झालं. यात बालपण कुठेच आलं नाही, हे लक्षात घ्या. सायकोडायनॅमिक थेरपीचा कणा हा आहे. बाहेरच्या प्रत्येक नात्यात जे घडून सगळं उधळून जातं, ते इथे, ठरलेल्या वेळात, न उधळणाऱ्या माणसासमोर घडू द्यायचं, आणि मग दोघींनी मिळून त्याच्याकडे पाहायचं. जुन्या नात्यांचा साचा समोरच्या माणसावर बसतो, त्याला ट्रान्सफरन्स म्हणतात. केर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरच बेतलेली पद्धत म्हणजे ट्रान्सफरन्स फोकस्ड सायकोथेरपी. आठवड्यातून दोनदा बसावं लागतं, ते याचसाठी.

दुसरी पद्धत लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी बांधली: मेंटलायझेशन, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या वागण्यामागे मनात काय असेल याचा अंदाज घेता येणं. भावना उसळल्या की ही क्षमता बॉर्डरलाइनमध्ये गळून पडते आणि अंदाजाची जागा खात्री घेते. "कंटाळा आला असेल का?" असं न वाटता "आलाच आहे" असं वाटतं. तेव्हा थेरपिस्टनं शहाणपणाची भाषणं द्यायची नसतात. थांबायचं, दोन पावलं मागे यायचं, "मला कळलं नाही, जरा परत सांग" म्हणायचं आणि आपलं चुकलं असेल तर ते आधी कबूल करायचं. मी घड्याळाबद्दल कबूल केलं ते याचसाठी. "छे, मी कुठे पाहिलं" म्हटलं असतं तर तिनं डोळ्यांनी पाहिलेलंच मी खोटं ठरवलं असतं.

जखमा उकरण्याची भीती मात्र अगदी निराधार नाही. अनुभव नसलेली एखादी व्यक्ती दुसऱ्याच भेटीत "लहानपणी तुझ्यावर काय अत्याचार झाले ते सांग" म्हणून खोदायला लागली, तर अशी मुलगी घरी येऊन कोसळते. मी असे प्रकार निस्तरले आहेत. चांगल्या उपचारात जुन्या गोष्टी येतात, पण तिचं वादळ थोडं आवाक्यात आल्यावर आणि तिच्या पावलानं. म्हणून थेरपिस्टना एक प्रश्न जरूर विचारा: सुरुवातीला मुलीशी काही करार ठरला आहे का? जीव नकोसा झाला तर तिनं कुणाला फोन करायचा, रात्री काय करायचं, कधी थेट दवाखान्यात जायचं, बाई सुट्टीवर असताना कोण. हे पहिल्या काही भेटींतच ठरायला हवं. दिवाळीच्या सुट्टीची कल्पना तिला पुरेशी आधी दिली होती का, हेही विचारायला हरकत नाही. दिली नसेल तर ती चूक बाईंची, आणि चांगली थेरपिस्ट ती मुलीसमोर मान्य करेल.

याचा उपयोग होतो याला पुरावा काय, असं तुमचे यजमान विचारतील, आणि विचारावंच. बेटमन-फोनागी यांचा पहिला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. ४४ रुग्ण, उपचार १८ महिन्यांचे. त्याच रुग्णांना उपचार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनी पुन्हा तपासलं. मेंटलायझेशनचे उपचार मिळालेल्यांत बॉर्डरलाइनच्या निकषांत बसणारे १३ टक्के उरले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ८७ टक्के. रुग्ण थोडे होते हे खरं, आणि आजाराची लक्षणं गेली तरी नोकरी आणि नाती सावरायला बऱ्याच जणांना पुढेही अवघड गेलं, हेही त्यात दिसलं. २००७ साली अमेरिकेत ९० रुग्णांवर तीन पद्धती वर्षभर तपासल्या: केर्नबर्ग यांची, मार्शा लिनेहान यांची डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी (भावना सांभाळण्याची कौशल्यं शिकवणारी) आणि आधार देणारी सायकोडायनॅमिक थेरपी. सुधारणा तिन्हींत झाली. उलटही सांगते: २००६ साली नेदरलँड्समध्ये स्कीमा थेरपीशी (लहानपणापासून मनात पक्के बसलेले समज बदलणारी पद्धत) तीन वर्षं तुलना झाली तेव्हा केर्नबर्ग यांची पद्धत मागे पडली, आणि तिच्यातून रुग्ण गळालेही जास्त.

म्हणून माझी पद्धतच श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही. माझं मत असं की या सगळ्या उपचारांत जे सारखं आहे तेच सर्वांत मोलाचं आहे. ठरलेली वेळ, ठरलेली चौकट, बोलकी आणि न डगमगणारी थेरपिस्ट, आणि पुरेसा काळ. आपल्या शहरात चांगली शिकलेली माणसं ज्या पद्धतीची मिळतील ती घ्या. पण घेतली की दर चार महिन्यांनी बदलू नका. प्रत्येक बदल हा तिच्यासाठी आणखी एक 'टाकणं' असतो.

किती दिवस? दीड ते तीन वर्षं मनात धरा. ब्रिटनच्या २००९ सालच्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटलंय की या आजारासाठी तीन महिन्यांहून कमी मुदतीची थेरपी वापरू नये. गोळ्यांबद्दलही त्यात हेच आहे की खुद्द बॉर्डरलाइनवर किंवा स्वतःला इजा करण्यासारख्या त्याच्या लक्षणांवर म्हणून औषध देऊ नये. सोबत नैराश्य वगैरे दुसरा आजार असेल तर त्याला औषध लागतं. आपल्या मनानं गोळ्या बंद करू नका, पण "ही गोळी कशासाठी आहे आणि किती दिवस?" हे डॉक्टरांना प्रत्येक वेळी विचारा. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्यांमधून सात-सात गोळ्या खाणाऱ्या मुली माझ्याकडे येतात, तेव्हा जीव तुटतो.

आणि हा आजार जन्मभराचा असतो, असं तुमच्या कानावर आलं असेल, तर ते मनातून काढून टाका. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलमध्ये मेरी झनारिनी यांनी अशा २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. हे सगळे दाखल करावे लागलेले, म्हणजे बरेच आजारी. दहा वर्षांत त्यांच्यातल्या ९३ टक्के लोकांना किमान सलग दोन वर्षं आजार निकषांत बसणार नाही इतका ओसरलेला अनुभवता आला. कामधंदा आणि नाती दोन्ही नीट रुळावर आलेले मात्र सुमारे निम्मे. हा दुसरा आकडा मी मुद्दाम सांगते. कारण आपण घरचे लोक हातावरच्या जखमा थांबल्या की सुटकेचा श्वास टाकतो, आणि मुलगी त्यानंतरही एकटीच असते. तिचं शिक्षण, छोटीशी का होईना नोकरी, रोज घराबाहेर पडण्याचं एक कारण, हे उपचारांइतकंच जपा.

आमचं काय चुकलं, हा तुमचा प्रश्न. ताई, मुळात काही मुलं पातळ कातडीची जन्मतात. जुळ्यांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा, साधारण ४० टक्के किंवा त्याहून जास्त आढळला आहे. अशा मुलाला घरातलं साधं वारंही झोंबतं. काही घरांत मारहाण, लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष हे खरोखर घडलेलं असतं, आणि मुलीनं तसं काही सांगितलं तर पहिल्या वाक्यात तिच्यावर विश्वास ठेवायचा, मग समोर कुणीही नातेवाईक असो. पण पुष्कळ घरांत असं काहीच नसतं. असतं ते "एवढ्याशा गोष्टीचं काय एवढं", "आमच्या वेळी नव्हती ही थेरं", "रडू नको, लोक बघतायत". हे दुष्टपणानं कुणी म्हणत नाही. पण ज्या मुलीला आपल्या भावनेचं नावच सापडत नाही, तिला दर वेळी ती भावना खोटी असल्याचंच सांगितलं जातं. मागचं आता बदलता येणार नाही. आज संध्याकाळचं वाक्य बदलता येईल. ती म्हणाली, "बाईंना फक्त पैसे हवेत," तर "असं कसं म्हणतेस" नको आणि "हो, सगळे तसलेच" तर त्याहून नको. "दहा दिवस फार जड गेले ना तुला?" एवढंच म्हणा आणि गप्प बसा.

थेरपिस्टना तिच्या पाठीमागे फोन करून चहाड्या सांगू नका. तिच्या जिवाला धोका वाटला तर जरूर करा, पण तो फोन मी केला हे तिलाही सांगा. नवरा-बायकोनं, आजी-आजोबांनी एकच धोरण ठेवा. एकानं मोबाइल काढून घ्यायचा आणि दुसऱ्यानं हळूच द्यायचा, हे चाललं तर घराच्याच दोन फळ्या होतात. आणि लग्न. ज्या आजाराचं मूळ जवळच्या नात्यातली भीती आहे, त्याला औषध म्हणून सगळ्यांत जवळचं नातं, तेही अनोळखी घरात, काही न सांगता? नको. दोन संसार उद्ध्वस्त होतात. ती सावरेल, स्वतः ठरवेल, तेव्हा बघू.

इंदूरची एक अडचण अशी की आपला मराठी समाज लहान आहे. रामबागेतल्या हळदीकुंकवाला थेरपिस्ट आणि पेशंट समोरासमोर येतात. माझ्या पेशंटना मी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवते: बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तू हसलीस तर मी हसेन. तुमच्या बाईंचंही असं काही ठरलेलं असेल तर त्यांना वाटेत गाठून "कशी आहे हो आमची?" विचारू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नं गोपनीयता हा तिचा हक्क आहे, आणि तुमची मुलगी सज्ञान आहे. फी झेपेनाशी झाली तर लपवू नका, भेटीतच काढा. बऱ्याच जणी दर कमी करतात. बाणगंगेच्या सरकारी मानसिक रुग्णालयात तपासणी आणि औषधांची सोय होते. थेरपिस्टची आरसीआयची म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि त्या स्वतः अशा केसेसची चर्चा कुठल्या ज्येष्ठ सहकाऱ्याशी करतात का, हे विचारणं उद्धटपणा नाही. बॉर्डरलाइनचं काम एकट्यानं करू नये. माझंही दर पंधरवड्याला सुपरव्हिजन असतं. रुग्णाच्या भावना आपल्यात भिनतात, आणि आपण रागावलोय की ती, हे कधी कधी मला बाहेरच्या माणसाकडूनच कळतं.

रात्री-अपरात्री तिनं जीव देण्याचं बोलून दाखवलं तर तिला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, आणि तिनं काही करून घेतलं असेल तर थेट जवळच्या हॉस्पिटलात. पोलिसांच्या भीतीनं लोक उशीर करतात. त्याच कायद्याच्या कलम ११५ नं अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं, तिला शिक्षा होत नाही.

त्या घड्याळवाल्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. सव्वा वर्षानं असाच एक गुरुवार होता. माझी नजर पुन्हा घड्याळाकडे गेली. ती थांबली. मराठीतच म्हणाली, "बघितलंत घड्याळ. मला राग आलाय, आत्ता." मग थोडं थांबून, "पण तुम्ही आज थकलेल्या दिसताय, ताई." राग आणि काळजी, एकाच माणसाबद्दल, एकाच दमात. आम्ही पंधरा महिने यासाठी बसलो होतो.

तुमच्या मुलीची पुढची वेळ अजून रद्द केली नसेल तर करू नका. तिला सांगा की नाही आवडलं तर नाही जायचं, पण ते बाईंना समोर बसून सांगायचं, फोनवर नाही. दिवाळीच्या दहा दिवसांचा राग, फीचं बोलणं, अर्ध्यातून उठणं, सगळं तिथे जाऊन बोल म्हणावं. तुम्ही सोबत जा, बाहेरच्या बाकावर बसा, आणि ती बाहेर आली की काय झालं ते विचारू नका.